रेवदंड्याचा बेत

पंचांग आणि आगगाडीचे वेळापत्रक ही दोन्ही ज्या घरात एकाच वेळी उघडली जातात, त्या घरी एक तर कार्य निघालेले असते किंवा प्रवास. गेल्या पौषात छावणीतील आमच्या घरी ही दोन्ही एका शेजारी एक पसरलेली पाहून शेजारच्या काकूंनी, "कोणाचे जमले?" असा प्रश्न केला. जमले कोणाचेच नव्हते. आम्ही आणि आमची सौ. असे दोघेच चार दिवस समुद्र पाहावयास जाणार होतो आणि त्याचा बेत चालला होता. चार दिवसांच्या प्रवासास एवढा खल कशाला, असे काकूंच्या मुद्रेवर स्पष्ट दिसले. आमचा अनुभव मात्र उलट आहे. काशीयात्रेस निघालेला मनुष्य एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढतो. चार दिवसांच्या प्रवासात चुकलेला दिवस चुकलाच. म्हणून लहान प्रवासाचा बेत मोठ्या प्रवासाहून अधिक काळजीने करावा लागतो. आमचा कसा झाला, त्यात काय साधले व काय फसले, हे लिहिल्यास आमच्यासारख्या उतारवयीन कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख.

प्रथम या प्रवासाचे कारण सांगितले पाहिजे. कारण सारा बेत त्या कारणावरच बेतलेला होता.

शिक्षकाच्या नोकरीत असताना आम्ही विद्यार्थ्यांच्या तीन सहली समुद्रकाठी नेल्या. तिन्ही वेळा पहाटे चार वाजता उठून दशम्यांची चळत आणि चटणीची पुडी बांधून देणारी सौ. घरीच राहिली. कधी मुले लहान, कधी सासूबाईंचे दुखणे, कधी मुलीचे लग्न. पुढे निवृत्तीनंतर जाऊ, असे ठरले. निवृत्तीनंतर दोन वर्षे साथीच्या रोगाने दारे बंद ठेविली. संस्कृतच्या परीक्षांस बसणारी चार मुले संध्याकाळी आमच्याकडे येत. त्यांस आम्ही रघुवंशाचा तेरावा सर्ग अनेकदा शिकविला. लंकेहून परत येताना श्रीराम सीतेस पुष्पक विमानातून खालचा समुद्र दाखवितात, तो हा सर्ग. आमचे विवेचन रंगात येई, आणि आत पोळ्या लाटता लाटता सौ. ते ऐकत असे. असा समुद्र तिने शेकडो वेळा ऐकिला होता. पाहिला एकदाही नव्हता. त्याचे आम्हांस कधी विशेष वाटले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सौ.स काचबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते व दृष्टी परत येते. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढून दृष्टीची शीर हळूहळू निकामी होत जाते, आणि एकदा गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. औषधाचे थेंब नियमाने घालून उरलेली राखावयाची, एवढेच हाती असते. या रोगात प्रथम जाते ती कडेची दृष्टी. समोरचे अक्षर स्पष्ट वाचता येते, परंतु बाजूची खुर्ची दिसत नाही. अंधुक प्रकाशात तर पायरी आणि सपाट जमीन सारखीच भासते. दुखत नसल्यामुळे रोगी पुष्कळ दिवस बेसावध राहतो. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, हे या निमित्ताने वाचकांस आग्रहाने सांगतो.

निदान ऐकून घरी आल्यावर सौ.ने थेंबांची बाटली देवघराजवळच्या कोनाड्यात ठेविली आणि सहज म्हणाली, "अहो, समुद्र तेवढा राहिला बरं का." यापेक्षा अधिक ती काही बोलली नाही. त्यानंतर पुढे ढकलण्यास आमच्यापाशी सबब उरली नव्हती.

आता स्थळाचा प्रश्न. पुण्याच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून गोव्याचे एक मोठे पंथागार सुचविले. विमानाची तिकिटे काढून देण्याचीही तयारी दाखविली. सौ.च्या अटी तीनच होत्या. समुद्र बसून पाहता यावा, चढउतार नसावा, आणि जेवण घरच्यासारखे मिळावे. आमची चौथी अट अशी की, गावास काही इतिहास असावा, शक्य तर कोट असावा. कारण नुसत्या वाळूत चार दिवस बसणे आमच्या स्वभावास मानवणारे नाही. तटबंदीच्या गावाचे आम्हांस वेड आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. आमची छावणी जुन्या शहराच्या तटाबाहेर, खाम नदीच्या पलीकडे वसलेली. बाजारास जावयाचे तर बारापुल्ला दरवाजाकडून जावयाचे, असे आमचे आयुष्य गेले. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसविली; सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने तिला तट घातला; लोक बावन्न दरवाजे सांगतात. आज तट बहुतेक नाहीसा झाला असून दरवाजे रहदारीच्या मध्यभागी एकटे उभे आहेत. ज्या गावाचा तट शाबूत आहे आणि तटाच्या आत माणसे राहत आहेत, असे समुद्रकाठचे गाव पाहावे, ही आमची जुनी इच्छा.

एक एक नाव पुढे आले व मागे पडले. वसईचा कोट भव्य, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयाने पुनीत. परंतु आत बहुतेक पडक्या इमारती, बिऱ्हाड बाहेर करावे लागते. मुरूडच्या जंजिऱ्यास शिडाच्या होडीतून जावे लागते, आणि हेलकावणाऱ्या होडीतून दरवाजाच्या पायरीवर पाऊल टाकणे तरण्या माणसासही अवघड. मालवणच्या सिंधुदुर्गातही होडी आलीच, शिवाय प्रवास लांबचा. मोटी दमणचा कोट उत्तम स्थितीत असून वसता आहे. परंतु मुंबईहून पुन्हा गुजरातेकडची गाडी धरावी लागते. शेवटी नकाशावर अलिबागच्या दक्षिणेस बोट ठेवले, आणि तेथे रेवदंडा होते.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगिजांचे चौल. कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, मुखाच्या उत्तर तीरावर हे गाव आहे. दक्षिण तीरावर कोरलईचा डोंगर सुळक्यासारखा समुद्रात घुसला आहे. मूळचे चौल बंदर अतिप्राचीन. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत त्याचे 'चेमुल' असे नाव येते. परंपरेने त्यास चंपावती आणि रेवदंड्यास रेवतीक्षेत्र म्हणतात. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी येथेच उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे अगोदर आलेल्या या गृहस्थाने विकावयास एक घोडा आणला होता. तो घेऊन तो घाट चढून जुन्नरास गेला, तेथे तेथील सुभेदाराने त्याचा घोडाच हिरावून घेतला, आणि पुष्कळ विनवण्यांनंतर तो परत मिळाला, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेविले आहे. रेवदंड्यास त्याचे स्मारक उभारलेले आहे.

पोर्तुगीज आले ते युद्ध करीतच. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमाराने त्यांचा पराभव केला, व त्यात पोर्तुगीज विसरेईचा पुत्र लोरेन्सु द आल्मेइदा मारला गेला. परंतु १५१६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून त्यांनी वखारीची परवानगी मिळविली आणि १५२१ मध्ये किल्ल्यास हात घातला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घालूनही चौल पडले नाही. १५९४ मध्ये कोरलईदेखील त्यांच्या हाती गेली. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलास वेढा दिला. कोट तेव्हाही टिकला. अखेर वसईच्या पाडावानंतर, १७४० च्या तहाने चौल आणि कोरलई मराठ्यांकडे आली. आमच्या गावाशी या कोटाचा संबंध दुहेरी आहे, हे आमच्या ध्यानी आले. ज्या निजामशाहीच्या वजिराने आमचे शहर वसविले तिचेच हे बंदर. आणि ज्या छत्रपतींचे नाव २०२३ मध्ये आमच्या शहरास मिळाले त्यांच्याच फौजेने या तटास वेढा घातलेला. हे ऐकून सौ. म्हणाली, "मग तुमची अट पुरी झाली. माझ्या तीन अटींचे पाहा."

तिच्या अटी रेवदंड्याने पुऱ्या केल्या. गाव सपाटीवर आहे. रस्ता तट फोडून आत जातो; आत बाजार, घरे, नारळ-सुपारीच्या वाड्या, मधूनच पडक्या चर्चच्या भिंती, आणि पश्चिमेस तट ओलांडला की लगेच सुरूची झाडे व काळसर वाळूचा किनारा. डोंगर चढावयाचा नाही, होडीत बसावयाचे नाही.

आता तिथीचा विचार. किनाऱ्यावर जावयाचे तर दिनांकाआधी तिथी पाहावी, हे आमच्या अनेक देशस्थ मित्रांस ठाऊक नसते. अमावास्या-पौर्णिमेस भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही लहान, तो भांग. कोणत्या तिथीस भरती किती वाजता, याचा कोकणात चालत आलेला सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्यास तीनाने गुणावे व चाराने भागावे; येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते, दिवसा एकदा व रात्री एकदा. शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करावी. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. उदाहरणार्थ, पंचमीस भरती पावणेचारास, तर अष्टमीस सहास. गणना स्थूल आहे. नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांस विचारून घ्यावी. परंतु दोनशे मैलांवर बसून बेत करणाऱ्यास ती पुरेशी होते.

आमचा हिशेब असा. सौ.स चालावयाचे तर पायाखाली सपाट, घट्ट वाळू हवी, आणि उजेड हवा. अशी वाळू ओहोटीस उघडी पडते. मोठ्या भरतीस पाणी पुष्कळ वर येते. म्हणजे ओहोटी सायंकाळी, सूर्य मावळण्यापूर्वी हवी. चतुर्दशीस भरती साडेदहास, ओहोटी पावणेपाचास. पौर्णिमेस भरती सव्वाअकरास, ओहोटी साडेपाचास. दुसऱ्या दिवशी ती आणखी पाऊण तास पुढे. सूर्यास्त साडेसहाच्या पुढे. भर दुपारच्या उन्हात, भरतीच्या वेळी, घरी जेवून स्वस्थ पडावे आणि सायंकाळी उतरत्या पाण्याबरोबर किनाऱ्यावर जावे, अशी व्यवस्था निसर्गानेच करून ठेविलेली. पौर्णिमा ठरली. मार्गशीर्षातील पौर्णिमेस चौलच्या डोंगरावर दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते, गर्दी फार. तेव्हा ती टळली होतीच. माघातील निश्चित केली. थंडी सरत आलेली, ऊन अजून कोवळे.

प्रवासाचा मार्ग निवडतानाही डोळ्यांचाच विचार केला. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबई. खालचा बाक मिळेल असे आरक्षण आधी करून ठेविले. मुंबईहून मांडव्यास जाण्यास दोन जलमार्ग आहेत. गेटवे ऑफ इंडियापासून सुटणाऱ्या लाँची जुन्या व प्रसिद्ध. परंतु त्यांत चढताना दगडी पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते, व पावसाळ्यात त्या बंद असतात. दुसरी, २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून चालणारी रो-रो बोट. तिच्यात मोटारी थेट आत जातात. अर्थात माणसासही रुंद, सपाट वाटेने आत जाता येते. तासाभरात मांडवा. गुडघे किंवा डोळे अधू असलेल्यांनी हाच मार्ग धरावा. मांडव्याहून अलिबागमार्गे रेवदंडा चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. आम्ही रिक्षा केली. अलिबागेहून एस. टी. च्या गाड्याही मिळतात.

वाटेत एक गोष्ट पाहण्याचा मोह आम्ही आवरला नाही. अलिबाग सोडल्यावर थोड्याच अंतरावर आक्षी गाव लागते. तेथील शिलालेखावरील वर्ष शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचले गेले असून त्यावरून त्यास मराठीतील सर्वांत जुना शिलालेख मानतात. वाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहे. शिळा लहान, अक्षरे झिजलेली. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने तेथे दोन मिनिटे उभे राहू नये, हे कसे शक्य आहे? सौ. रिक्षातच बसून राहिली. "तुमची पोथी वाचून झाली की सांगा," एवढेच म्हणाली.

मुक्काम गावातील एका वाडीत, घरगुती सोय असलेल्या बिऱ्हाडी केला. अशा सोयी रेवदंडा, चौल, नागाव येथे पुष्कळ आहेत. ठरविताना आम्ही तीन गोष्टी विचारून घेतल्या: खोली तळमजल्यावर आहे काय, न्हाणीघरास उंबरा आहे काय, आणि रात्री अंगणात दिवा असतो काय. भाड्याची चौकशी त्यानंतर. वालाचे बिरडे, आंबोळी, सोलकढी असे जेवण मिळाले. माघ हा पोपटीचा हंगाम. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भरावयाचे, मडके जमिनीवर पालथे घालून भोवती जाळ करावयाचा. अर्ध्या तासात आतल्या वाफेवर सारे शिजते. त्यात तेल नाही, पाणी नाही. अलिबागचा पांढरा कांदाही याच सुमारास बाजारात येऊ लागतो. २०२१ पासून त्यास भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या वेणीसारख्या माळा सौ.ने येताना घेतल्याच.

आता प्रत्यक्ष दर्शनाविषयी.

चतुर्दशीच्या सायंकाळी साडेचारास आम्ही तट ओलांडून किनाऱ्यावर आलो. सुरूच्या झाडांखाली एका जागी सौ.स बसविले. पाणी दूर गेले होते. आमच्या मनात त्या तेराव्या सर्गातील सारी वर्णने गर्दी करू लागली. आता ती सांगावीत, एवढ्यात सौ. म्हणाली, "थांबा. एकदम नाही दिसत मला सगळा. डाव्या हाताला तो डोंगर म्हणता ना, तो कुठे संपतो ते बोटाने दाखवा. मी तिथून सुरुवात करते."

आम्ही कोरलईचे टोक दाखविले. तेथे दृष्टी स्थिर करून ती हळूहळू मान उजवीकडे फिरवू लागली, पुस्तकातील ओळ वाचावी तशी. क्षितिजाची रेघ, मध्ये एक शिडाची होडी, पुन्हा रेघ, मग उतरलेला सूर्य, पुन्हा रेघ. उजवीकडे नागावच्या बाजूस किनारा वळतो तेथवर ती पोचली, तेव्हा किती वेळ गेला असेल ते सांगता येत नाही. मग ती पुन्हा डाव्या टोकाशी आली आणि दुसरी ओळ, जरा खालची, वाचू लागली. आम्ही काही बोललो नाही. बोलावयास काही नव्हते. तिच्या प्रत्येक ओळीबरोबर आम्हीही पाहू लागलो, आणि तीन सहलींत, मुलांची डोकी मोजता मोजता, आम्हीही समुद्र पाहिलाच नव्हता, हे तेव्हा उमगले.

पौर्णिमेचा दिवस आम्ही शाळेच्या वेळापत्रकासारखा तासांत विभागून नेला होता. सकाळी चौलचे रामेश्वर, मग हिंगळाजदेवीची लेणी, मग दत्ताचा डोंगर निदान पायथ्यापासून, दुपारी बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर, मग निकितिनाचे स्मारक, मग सातखणी मनोरा. त्यांपैकी रामेश्वर झाले. समोरची पुष्करिणी आणि देवळातील अग्निकुंड, वायुकुंड, पर्जन्यकुंड यांची माहिती ऐकून सौ. प्रसन्न झाली, परंतु बाहेर येताच म्हणाली, "आता घरी चला. संध्याकाळी पाय शिल्लक राहिले पाहिजेत." वेळापत्रकाचा कागद खिशातच राहिला. दुपारी ती निजली असताना आम्ही एकटे जाऊन सातखणी मनोरा पाहून आलो. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा हा मनोरा. वरचे मजले पडले आहेत, तरी उरलेलाही माडांच्या वर डोके काढून उभा आहे. खासगी वाड्यांतून पायवाटा जातात, तेव्हा मालकास विचारूनच आत जावे. तटावर झुडपे माजली आहेत, दगड सुटे झाले आहेत. वर चढण्याच्या भरीस वयस्करांनी पडू नये.

गावात फिरताना एक गोष्ट वारंवार मनात येई. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. त्यांचे चर्च पडले, तोफा गंजल्या. पण पलीकडच्या कोरलई गावातील काही शे ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरी बोलतात. भाषाशास्त्रज्ञांनी तिचा मुद्दाम अभ्यास केला आहे. इकडे बेने इस्रायल कुटुंबे पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' हे नाव पडले. त्यांची बोली शुद्ध मराठी. दगडी तट शत्रूस अडविण्यासाठी बांधला होता. काळाच्या ओघात तो निरुपयोगी झाला. स्वयंपाकघरातील बोली मात्र कोणी न राखता राहिली. हा विचार आम्ही सौ.स सांगितला. ती म्हणाली, "स्वयंपाकघरातलं कोणी राखत नाही, असं तुम्हाला वाटतं." आम्ही तो विषय तेथेच सोडला.

त्याच सायंकाळी आमच्या बेतातील उणीव उघडी पडली. ओहोटी साडेपाचास, सौ. पाण्याच्या कडेने, आमचा हात धरून, कितीतरी दूर चालली. पायावरून पहिली लाट गेली तेव्हा लहान मुलीसारखी हसली. सूर्य मावळला, मागे माडांवर चंद्र वर आला, आणि निघावे असे दोघांसही वाटेना. तिथी, भरती, बाक, उंबरा यांचा विचार करणारे आम्ही, विजेरी मात्र घरी विसरलो होतो. चंद्रप्रकाश आम्हांस पुरेसा होता, सौ.स नव्हता. तटाच्या वाटेवर, माडांच्या सावलीत, एका सुट्या दगडाची ठेच लागून ती गुडघ्यावर पडली. लागले फार नाही. पण ती उठून उभी राहिली तेव्हा तिचा हात थरथरत होता, आणि, "मला काहीच दिसत नाही हो," हे शब्द तिने आजवर प्रथमच उच्चारले. दोन वर्षे ती हे आमच्यापासून लपवीत होती, की आम्ही विचारीत नव्हतो? वाटेने येणाऱ्या एका कोळी बाईने मोबाइलचा दिवा लावून आम्हांस बिऱ्हाडापर्यंत पोचविले आणि, "आजीबाईंस उजेडात आणा ना, बाबा," असे आम्हांस सुनावले. योग्यच सुनावले.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, बरोबर न्यावयाच्या वस्तूंची यादी करताना ज्याच्यासाठी प्रवास आहे त्याच्या जागी स्वतःस कल्पून ती करावी. आमच्या यादीत दुर्बीण होती, टिपणवही होती. विजेरी नव्हती, कारण आम्हांस तिची गरज नव्हती. काचबिंदूच्या रोग्याबरोबर प्रवास करणाऱ्यांनी डोळ्यांच्या थेंबांची एक जादा बाटली वेगळ्या पिशवीत ठेवावी, घालण्याच्या वेळा प्रवासातही चुकवू नयेत, आणि सूर्यास्तापूर्वी सपाट वाटेवर यावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही वेळापत्रकाचा कागद काढलाच नाही. सकाळी सौ. अंगणात वाडीच्या मालकिणीबरोबर सुपाऱ्या निवडीत बसली. सायंकाळी तट ओलांडून किनाऱ्यावर गेलो व उजेड आहे तोच परतलो. ओहोटी त्या दिवशी सव्वासहास होती. पूर्ण उतरलेले पाणी पाहावयास मिळाले नाही. ते सोडून देण्याचे आमच्याने झाले नसते, सौ.नेच, "उठा आता," म्हणून हात पुढे केला.

घरी परतल्यास महिना होत आला. मध्यंतरी डोळ्यांची तपासणी झाली. दाब वाढलेला नाही, थेंब तेच चालू ठेवावेत, असे सांगण्यात आले. अंगणात आणि न्हाणीघराच्या वाटेवर आम्ही दोन नवे दिवे बसविले आहेत. ते दोन वर्षांपूर्वीच बसवावयास हवे होते.

परवा गुरुवारी छावणीच्या बाजारातून भाजी घेऊन आम्ही घरी आलो, तो शेजारच्या काकू आमच्याच ओट्यावर बसलेल्या. त्यांनीही समुद्र पाहिलेला नाही. सौ. मेथी निवडता निवडता त्यांस सांगत होती. "डाव्या हाताला एक डोंगर आहे, तो पाण्यात शिरतो. तिथून सुरुवात करायची..." आम्ही पिशवी दाराशी ठेविली, चपला काढून हळूच पायरीवर बसलो आणि ती शेवटपर्यंत पोचेतोवर ऐकत राहिलो.